शंका आल्यापासून शाळेच्या दारापर्यंत: सहा वर्षांखालच्या मुलासाठी शीघ्र हस्तक्षेप आणि विशेष शिक्षण कसं मिळवायचं

मूल दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, दीड वर्ष उलटलं तरी पाऊल टाकत नाही. ही शंका घरात बहुतेक वेळा आईला किंवा आजीला आधी येते, आणि मग समजूत घालणाऱ्यांची रांग लागते. 'याचा मामासुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.' 'मुलगे उशिराच बोलतात.' 'शाळेत घाला, चार मुलांत बसलं की होईल आपोआप.' या समजुतीत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मेंदू सगळ्यात वेगानं घडतो ते दिवस नेमके हेच असतात.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करा. थेरपी सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही, दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही, बुद्ध्यांकाचा आकडाही लागत नाही. 'या वयात जे यायला हवं ते येत नाहीये' एवढी तपासलेली शंका पुरते. निदान, प्रमाणपत्र, योजना, शाळा ही कामं थेरपी चालू असताना शेजारून चालू राहू शकतात. ज्या घरात आधी कागद आणि मग थेरपी असा क्रम लावला जातो, तिथे मुलाचे महिने फुकट जातात.

शंका खरी आहे का, हे कसं बघायचं

घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. बहुतेक जण ते लसीकरणाचं कार्ड समजतात, तारखा भरल्या की कपाटात ठेवतात. पण कोणत्या महिन्यात मुलाला काय यायला हवं याची चित्रं आणि धोक्याच्या खुणा त्याच कार्डात असतात. ढोबळ मानाने पुढच्या वयांवर लक्ष ठेवा: दोन-अडीच महिन्यांत आईकडे बघून हसणं, चार महिन्यांत मान धरणं, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसणं, वर्षाच्या आत नावाला प्रतिसाद, दीड वर्षात चालणं, बोटानं वस्तू दाखवणं आणि काही अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांत 'आई ये', 'पाणी दे' अशी दोन शब्दांची जोडणी. एखादी गोष्ट पंधरा दिवस मागे-पुढे झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. दोन बाबतींत मात्र एक आठवडाही थांबू नका. एक, आलेली गोष्ट गेली, म्हणजे आधी म्हणायचं ते शब्द बंद झाले किंवा नजर देणं थांबलं. दोन, शरीराची एकच बाजू वापरली जाते. एक वर्षाच्या आत मूल 'डावखुरं' दिसायला लागलं तर ते कौतुक नसून तपासणीचं कारण आहे.

मूल वेळेआधी जन्मलेलं असेल तर वय दुरुस्त करून मोजा. पूर्ण दिवस 40 आठवड्यांचे धरतात. बाळ 32 व्या आठवड्यात झालं असेल तर ते 8 आठवडे आधी आलं, म्हणून दहा महिन्यांच्या बाळाकडून आठ महिन्यांच्या बाळाएवढी अपेक्षा ठेवायची. दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजतात. या बाळांच्या डोळ्यांची तपासणी वेगळी आणि तातडीची असते. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर 30 दिवसांच्या आत तपासून घ्यायचा. बाळ 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल तर त्याहून आधी, दोन ते तीन आठवड्यांत. पडद्याचा हा आजार वेळेत सापडला तर दृष्टी वाचवता येते. उशीर झाला तर पुढची कुठलीच थेरपी ती परत आणू शकत नाही.

बोलत नाही? आधी कान

बोलण्याच्या तक्रारीत सगळ्यात जास्त वाया जाणारा वेळ इथे जातो. 'त्याला ऐकू येतं, टीव्ही लावला की पळत येतो' या भरवशावर श्रवण तपासणी टाळली जाते. पण एका विशिष्ट पट्टीतलं ऐकू येत नसेल, तर मुलाला कुकरची शिट्टी कळते आणि 'स', 'फ', 'त' मात्र कळत नाहीत. टाळ्या वाजवून किंवा ताट आपटून घरी केलेली परीक्षा काहीच सांगत नाही. ताट आपटल्याचा कंप मूल अंगानंही ओळखतं.

नवजात बाळासाठी जगभर मान्य असलेला हिशोब 1-3-6 असा आहे: पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू. चाळणीला ओएई म्हणतात, ती दोन-चार मिनिटांत होते. त्यात शंका आली तर बेरा, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी सविस्तर तपासणी. बेरासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं, आणि तारीख फुकट जाते ती इथेच. त्यामुळे आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, बसमध्ये किंवा रिक्षात डोळा लागू देऊ नका. तपासणीच्या खोलीत पोहोचल्यावर दूध पाजा. डोक्याला तेल लावू नका, कपाळाला पावडर किंवा काजळाची तीट नको, कारण इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. सर्दी-ताप असेल तर फोन करून तारीख बदला. झोपेचं औषध द्यावं लागलंच तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, घरून पाजून आणायचं नाही.

जन्मतः तीव्र बहिरेपण निघालं तर वेळेचं गणित अजून कडक होतं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) मिळण्यासाठी अशा मुलाचं वय 5 वर्षांच्या आत लागतं. आधी काही महिने श्रवणयंत्र वापरून बघावं लागतं, लसी द्याव्या लागतात, स्कॅन होतात. म्हणून चौथं वर्ष लागेपर्यंत थांबलेल्या घराच्या हातून ही संधी सहसा निसटते.

पहिलं दार: अंगणवाडी आणि डीईआयसी

सहा वर्षांनंतरच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क कायद्यात ठसठशीत लिहिलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये तो 6 ते 18 वर्षांसाठी आहे. सहाच्या आधी मात्र सेवा शिक्षण खात्याकडे नसून आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन खात्यांकडे आहेत. पालक नेमके शाळेत विचारायला जातात, शाळा 'सहा वर्षांचा झाल्यावर आणा' म्हणते, आणि वाट तिथेच संपली असं वाटतं. दार वेगळं आहे, एवढंच.

2013 पासून देशभर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. आरोग्याच्या भाषेत त्याला आरबीएसके म्हणतात. त्याचं फिरतं पथक (दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता) प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन मुलं तपासतं. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब या चार गटांत शंका आली की पथक मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. हे केंद्र म्हणजेच डीईआयसी. ते बहुतेक ठिकाणी जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतं, आणि तिथली तपासणी व थेरपी मोफत असते.

प्रत्यक्षात कसं करायचं ते बघा. अंगणवाडी सेविकेला भेटून 'आरबीएसकेचं पथक आपल्याकडे कधी येणार?' असं विचारा आणि मुलाचं नाव यादीत घालायला सांगा. मूल अंगणवाडीत जात नसलं तरी नाव घालता येतं. पथकाची भेट तीन-चार महिन्यांवर असेल तर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घ्या, किंवा थेट जिल्हा रुग्णालयात जाऊन 'डीईआयसी कुठे?' असं विचारा. केसपेपर खिडकीवर ही अक्षरं माहीत नसतील तर 'शून्य ते सहा वर्षांच्या मुलांची थेरपी होते तो विभाग' म्हणा.

ठरलेल्या रचनेप्रमाणे या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, डोळे तपासणारे, दंतवैद्य आणि विशेष शिक्षक असायला हवेत. पण सगळ्या जिल्ह्यांत सगळी पदं भरलेली नसतात, आणि वाचा तज्ज्ञ आठवड्यातले ठरावीक वारच बसतात असंही होतं. म्हणून पहिल्याच भेटीत कोण कोणत्या वारी असतं ते विचारून लिहून घ्या. शंभर किलोमीटरवरून आलेलं मूल चुकीच्या वारी परत जाणं ही फार मोठी हानी असते, कारण पुढच्या वेळी रजा काढायला बाप तयार नसतो.

जाताना या गोष्टी बरोबर ठेवा: जन्माच्या वेळचा रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद (वजन, रडलं कधी, कावीळ, काचेच्या पेटीत किती दिवस), माता-बाल कार्ड, आधीच्या सगळ्या तपासण्या, आणि मोबाइलवर मुलाचे तीन-चार छोटे व्हिडिओ. व्हिडिओ दोन मिनिटांचे पुरतात. एक जेवतानाचा, एक एकटं खेळतानाचा, एक तुम्ही हाक मारताय आणि ते काय करतं याचा, एक चालतानाचा किंवा रांगतानाचा. अनोळखी खोलीत मूल बिथरतं आणि घरी करतं त्यातलं निम्मंही करत नाही. व्हिडिओमुळे तपासणाऱ्याला खरं मूल दिसतं.

मोठ्या संस्था, आणि त्या कधी गाठायच्या

निदानात गुंता असेल किंवा जिल्ह्यात तज्ज्ञच नसेल तर एकदा मोठ्या केंद्रात जाऊन सविस्तर मूल्यमापन करून आणणं आणि थेरपी गावाजवळ चालू ठेवणं, ही मांडणी टिकते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. केंद्र सरकारने 2021 मध्ये सुरू केलेल्या, सगळ्या प्रकारच्या दिव्यांगत्वासाठीच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांपैकी एक तिथेच आहे. हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, नवी मुंबईत बौद्धिक दिव्यांगजन राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र, नागपुरात केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. स्वयंसेवी संस्थांत मुंबईचं उम्मीद, बौद्धिक दिव्यांगत्वासाठी शिवडीचं जय वकील, सेरेब्रल पाल्सीसाठी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालीत येणाऱ्या अडचणीसाठी) वांद्र्याचं अडॅप्ट ही नावं जुनी आणि भरवशाची आहेत. गोव्यात सेतू आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग विभागातही बाल विकास ओपीडी असते, तिचा वार वेगळा असतो.

गावाजवळ शोधताना एक अडचण येते. कायद्यातले शब्द बदलले, पाट्या नाही बदलल्या. 'बौद्धिक दिव्यांग' म्हणून शोधलंत तर काही सापडणार नाही, कारण इमारतीवर अजून 'मतिमंद मुलांची शाळा' असं लिहिलेलं असतं. 'कर्णबधिर' शोधाल आणि शाळा 'मूकबधिर विद्यालय' या नावानं ओळखली जाते. जुनी नावं घेऊनही विचारा. तिथे सहा वर्षांखालचा वर्ग नसला तरी विशेष शिक्षक असतात. शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदा मार्गदर्शन मिळेल का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

थेरपिस्ट निवडताना

खासगी केंद्रं गल्लोगल्ली झाली आहेत, त्यामुळे पैसे देण्याआधी दोन गोष्टी तपासा. विशेष शिक्षक, वाचा तज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव पडताळा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणारे) आणि फिजिओथेरपिस्ट आरसीआयमध्ये नसतात. महाराष्ट्रात त्यांची वेगळी राज्य परिषद आहे. म्हणून ओटीकडे आरसीआय क्रमांक नाही याचा अर्थ तो बोगस आहे असा नाही, आणि 'सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स' एवढ्यावर वाचा थेरपी देणारा मात्र तुमच्या मुलासाठी योग्य नाही.

दुसरी गोष्ट, पालकांना आत बसू देतात का? 'आई असली की मूल लाड करतं' म्हणून दार कायम बंद ठेवणारं केंद्र सोडून द्या. पहिले एक-दोन आठवडे मूल रुळावं म्हणून कधीतरी बाहेर बसायला सांगतील, ते ठीक. पण आठवड्यातल्या दोन तासांनी मूल बदलत नाही. उरलेले सगळे जागे तास त्याच्याबरोबर असतात ते तुम्ही. थेरपिस्टचं खरं काम तुम्हाला शिकवण्याचं आहे. प्रत्येक सत्राच्या शेवटी 'या आठवड्यात घरी नेमकी कोणती एक गोष्ट करायची?' असं विचारा आणि ती तिथेच करून दाखवा. दहा गोष्टी दिल्या तर घरी एकही होत नाही.

तीन महिन्यांचं ध्येय लिहून मागा, आणि ते मोजता येईल असं असू द्या. 'संवाद सुधारणे' हे ध्येय नाही. 'पाणी, पोळी, बाहेर या तीन गोष्टी हातवाऱ्यानं किंवा शब्दानं मागेल, दिवसातून किमान पाच वेळा' हे ध्येय आहे. तीन महिन्यांनी काहीच हललं नाही तर पद्धत बदलायची की थेरपिस्ट, हे बोलायची वेळ आली असं समजा. एकदम चार थेरप्या लावू नका. मूल थकतं, आणि कशाचा उपयोग झाला हेही कळत नाही.

'बरं करून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा, मग तो कितीही मोठ्या इमारतीत बसलेला असो. ऑटिझमवर स्टेम सेल, प्राणवायूच्या बंद टाकीत बसवणं, शरीरातले धातू काढण्याचं औषध, यांना पुरावा नाही. त्यासाठी शेत किंवा दागिने गहाण टाकलेली कुटुंबं या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहेत. तेवढ्या पैशात मुलाची कित्येक वर्षांची थेरपी होते.

घरी: बिस्किटाचा एक तुकडा

घरचं काम कसं असतं ते एका उदाहरणातून जवळून बघू. मूल बोलत नाही, बिस्कीट हवं असलं की आईचा हात ओढून डब्याकडे नेतं. आई डबा उघडते, बिस्कीट हातात देते, विषय संपतो. मुलाला संवादाची गरजच पडली नाही.

आता बिस्किटं पारदर्शक बरणीत ठेवा, झाकण घट्ट लावा. एका बिस्किटाचे आठ-दहा तुकडे करा, म्हणजे मागण्याची संधी एकदा नाही, दहा वेळा मिळेल. तुम्ही खाली बसा, तुमचं तोंड मुलाच्या तोंडासमोर येईल असं. तुकडा तुमच्या डोळ्यांजवळ धरा आणि गप्प राहा. मनात पाच आकडे मोजा. या पाच आकड्यांत मुलानं डोळ्यांत बघितलं, हात पुढे केला, 'अ' केलं, काहीही केलं, तरी ती मागणी समजा. एकदाच स्वच्छ 'दे' म्हणा आणि तुकडा लगेच द्या. पुन्हा पुढचा तुकडा. काही आठवड्यांनी नुसत्या नजरेवर न देता हात पुढे येईपर्यंत थांबा, मग आवाजापर्यंत.

यात बिघडतं कुठे? 'बोल ना, काय पाहिजे, बोल, बिस्कीट म्हण' असा भडिमार झाला की मूल तोंड फिरवतं. मूल रडेपर्यंत अडवून धरलं तर ते रडायलाच शिकतं. आणि आजी किंवा मोठी बहीण प्रेमापोटी मध्येच तुकडा हातात ठेवते, म्हणून घरातल्या सगळ्यांना हे आधी करून दाखवा. हीच पद्धत पोळीला, पाण्याच्या भांड्याला, बाहेर जाताना चपलांना, अंघोळीच्या तांब्याला लागू पडते. वेगळा तास काढायची गरज नाही.

भाषेबद्दल एक सल्ला सर्रास दिला जातो: 'घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला.' याला आधार नाही. दोन भाषा ऐकल्यानं बोलण्यातला विलंब वाढत नाही. उलट जी भाषा आईला सहज येत नाही तीत ती मुलाशी कमी बोलते, लाडानं बोलत नाही, आजी-आजोबा तर गप्पच होतात. मुलाशी मराठीतच बोला. मोबाइल-टीव्हीबाबत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते की दोन वर्षांच्या आत अजिबात नको, दोन ते पाचमध्ये दिवसाला जास्तीत जास्त तासभर. मोबाइल बंद करा, पण त्यानंच सगळं सुटेल म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

कागद: यूडीआयडी आणि त्यापुढचं

थेरपी चालू झाली की कागदांना लागा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात होते, आणि प्रमाणपत्राबरोबर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. त्याआधी बाल आधार काढून घ्या, आणि जन्मदाखल्यावरचं नाव व आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. एका ठिकाणी 'बाळ ऑफ' आणि आईचं नाव, दुसरीकडे बारशाचं नाव असेल तर अर्ज अडकतो. ओटीपी येईल तो मोबाइल क्रमांक चालू ठेवा. पाचव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे द्यावे लागतात, तेही लक्षात असू द्या.

कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. बहुतेक सवलतींना 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. कार्डाचा रंगही त्यावर ठरतो: 40 च्या आत पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि त्यावर निळं. एक ते पाच वर्षांच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्वाऐवजी 'सर्वांगीण विकास विलंब' असं निदान मिळतं आणि प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. ते बरोबरच आहे. या वयातलं मूल बदलतं, आणि टक्केवारीचा शिक्का कायमचा नसतो. पण त्यावर मुदत असते. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाला द्या, नाहीतर ऐन शाळाप्रवेशात कार्ड बाद ठरतं. अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, यांचं प्रमाणपत्र आठ वर्षांआधी मिळत नाही. नर्सरीच्या मुलाला असं निदान देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

प्रमाणपत्राला घाबरणारे आईवडील खूप असतात: 'शिक्का बसेल, लग्नाला अडचण येईल.' कार्ड कोणाला दाखवायचं ते तुमच्या हातात असतं. त्यातून मिळणाऱ्या गोष्टी मात्र रोजच्या खर्चातल्या आहेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्रीय संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, वैद्यकीय पूर्वतपासणी नाही, आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत परत मिळतो. त्यासाठी थेरपीच्या प्रत्येक पावतीवर मुलाचं नाव, तारीख, थेरपीचा प्रकार आणि सही-शिक्का हवा. कोऱ्या कागदावर 'रु. 500 मिळाले' असं लिहिलेलं चालत नाही. एसटीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, आणि आठवड्याला दोन फेऱ्या करणाऱ्या घराला ती मोठी असते. ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. श्रवणयंत्र, विशेष खुर्ची, वॉकर यांसाठी तिथे लेखी अर्ज करा.

अंगणवाडी, नर्सरी, शाळा

तीन वर्षांनंतर मुलाला इतर मुलांत नेणं आवश्यक आहे, पण थेरपीच्या जागी नाही, थेरपीच्या जोडीला. अंगणवाडीचा पर्याय कमी लेखू नका. घराजवळ, ओळखीच्या बाईंकडे, मराठीत आणि मोफत. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला आहे. त्यात अशा मुलांना ओळखणं, सामावून घेणं आणि पुढे पाठवणं हे सेविकेचं काम म्हणून लिहिलं आहे. सेविकेला त्याची आठवण द्या, पण भांडणाच्या सुरात नको. पंचवीस मुलं आणि रजिस्टरांचा ढीग एकटीनं सांभाळणाऱ्या बाईला तुमची एका पानाची मदत जास्त उपयोगी पडते.

ते पान असं लिहा: मुलाला काय आवडतं, काय सहन होत नाही (मोठा आवाज, गर्दी, ओले हात), शी-शू लागली की ते कसं सांगतं, बिथरलं तर काय केल्यानं शांत होतं, आणि या महिन्यात आपण काय शिकवतोय. पानावर निदानाचं नाव नसलं तरी चालतं. पहिले पंधरा दिवस रोज अर्धा-एक तासच पाठवा, सुरुवात गाण्यांच्या वेळेनं करा, आणि मूल रडायच्या आत घरी आणा.

खासगी शाळेसाठी आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या 25 टक्के राखीव जागांची, प्रवेशप्रक्रिया बघा. दिव्यांग मूल वंचित गटात येतं, म्हणून उत्पन्नाचा दाखला लागत नाही. प्रमाणपत्र मात्र 40 टक्क्यांचं लागतं. शाळेची सुरुवात नर्सरीपासून असेल तर प्रवेश तिथूनच. अर्ज वर्षातून एकदाच, ऑनलाइन आणि ठरावीक मुदतीत होतात. प्रमाणपत्राचं काम त्याआधी सहा महिने उरकलेलं असावं ते यासाठी.

सहा वर्षांच्या आसपास समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेची दारं उघडतात. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. ते शाळांना भेटी देतात, आणि जे मूल शाळेत येऊच शकत नाही त्याच्यासाठी घरी शिकवण्याची सोय आहे. मूल पाच वर्षांचं झालं की गटसाधन केंद्रात जाऊन त्याची नोंद करून या, पहिलीच्या जूनची वाट बघू नका. सर्वसाधारण शाळा की विशेष शाळा, हे ठरवताना निदानाचं नाव बघू नका. तिथे बसायला, समजून घ्यायला आणि मुलाच्या गतीनं शिकवायला कोण आहे ते बघा. वर्गात जाऊन एक तास बसू द्या म्हणून विनंती करा. मूल कोपऱ्यात एकटं खडूशी खेळत बसणार असेल तर ती समावेशित शाळा नव्हे.

कोणी तोंडी नकार दिला तर शांतपणे म्हणा, 'हे मला लिहून द्या.' बहुतेक नकार तिथेच विरघळतात. न विरघळल्यास तारीख, वेळ, कोण बोललं ते लिहून ठेवा. शाळेच्या बाबतीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, डीईआयसी किंवा प्रमाणपत्राच्या बाबतीत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज द्या आणि पोचपावतीचा शिक्का घ्या. तिथेही हललं नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे. शिक्का असलेल्या पोचपावतीशिवाय पुढच्या पायरीवर काहीच धरून बोलता येत नाही.

हे सगळं एका फाइलमध्ये लावा, तारखेच्या क्रमानं, नवं वर. मूळ कागद कोणाच्याही टेबलावर सोडू नका, झेरॉक्सच द्या. फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर चार तारखा पेननं लिहा: पुढची डीईआयसीची भेट, ध्येय तपासायची तारीख, प्रमाणपत्राची मुदत, निरामयचं नूतनीकरण. आईवडिलांनाही थकवा येतो, रात्री झोप लागत नाही, एकमेकांवर चिडचिड होते. तेव्हा 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. तो नंबरही त्याच पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.